संजीवनी डिकीत आहे

गाडी मरते तेव्हा आधी 'टक्' करते. एकच टक्. मग डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात, मंद होतात आणि घड्याळात बारा वाजतात. आमच्या घड्याळात ते वाजले तेव्हा खरे सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. ठाण्याला मामेबहिणीच्या मुलाची मुंज होती, मुहूर्त आठ बावन्नचा. मागच्या सीटवर आई शालू सांभाळून बसलेली, तिच्या मांडीवर चांदीच्या भांड्याचं खोकं.

मी पुन्हा बटण दाबलं. टक्.

"सारखं सारखं दाबू नकोस," बायको म्हणाली. "ती काय लिफ्ट आहे?"

आमच्या सोसायटीत पार्किंग एकामागे एक आहे. आत चौथ्या मजल्यावरच्या काकांची गाडी, बाहेर माझी. म्हणजे माझी गाडी हे काकांच्या गाडीचं दार आहे, आणि ते दार आता अडकलं होतं. काकांना रविवारी सकाळी कुठेच जायचं नसतं. पण जाता येत नाही म्हटल्यावर त्यांना लगेच जायचं झालं. ते बनियनवरच खाली आले.

"बॅटरी बसली," काकांनी निदान केलं. "धक्का मारू. वॉचमनला बोलव."

वॉचमन, दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा आणि जिमला निघालेले दोन तरुण असं मनुष्यबळ गोळा झालं. आई शालूसह उतरली. गाडी न्यूट्रलमध्ये होती म्हणून हलली तरी. 'गणपती बाप्पा' झालं, 'मोरया' झालं, गाडी गेटपर्यंत छान पळाली, आणि काका मागून ओरडले, "आता सेकंडला टाक आणि झटक्यात क्लच सोड!"

"काका, क्लचचं पेडलच नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"ऑटोमॅटिक आहे."

पाच माणसांचे दहा हात एकाच वेळी गाडीवरून निघाले. दूधवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, हे मला माहीत होतं का? होतं. मग बोललो का नाही? इतकी माणसं इतक्या उत्साहाने ढकलत असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

काका हळहळले. त्यांच्या तरुणपणी गिरगावात फियाटला धक्का मारायला अख्खी चाळ उतरायची, अँबॅसेडर असली तर पुढून हँडल मारायचे. आता ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली, आणि तिच्याबरोबर धक्का मारण्याची कलाही गेली असं त्यांचं म्हणणं पडलं. हे सगळं त्यांनी मला गेटच्या तोंडावर, गाडी आडवी असताना सांगितलं.

शेवटी आई आणि बायको रिक्षाने गेल्या. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १८५३ साली पोचली. मी गोरेगावहून २०२५ साली पोचलो नाही.

अकराच्या सुमाराला बॅटरीवाला आला. स्कूटरच्या पायदानावर एक बॅटरी, खांद्यावर जाड केबलींचं वेटोळं, गारुड्यासारखा. त्याने बॉनेट उघडून टर्मिनलवर मीटर धरला. अकरा पॉइंट चार.

"साडेबाराच्या वर पाहिजे साहेब." आत सहा सेल, प्रत्येकी दोन पॉइंट एक व्होल्टचे, हा हिशोब त्यानेच मला बोटांवर करून दाखवला. मग विचारलं, "गाडी किती चालते?"

"रविवारी. मालाडपर्यंत."

"आणि बाकीचे सहा दिवस?"

बाकीचे सहा दिवस मी लोकलने जातो. मुंबईत गाडी असलेला माणूस लोकलनेच जातो, कारण गाडी काढली तर परत आल्यावर ती लावायला जागा राहील की नाही ही धाकधूक. त्यामुळे आमची गाडी चालत नाही, नांदते. आणि उभी असली तरी आत खर्च चालूच असतो: घड्याळ, चोरघंटा, किल्ली जवळ आली का हे कान लावून ऐकणारं कुलूप. फ्लॅट बंद असला तरी मेंटेनन्स भरावा लागतो, तसंच. सुरू करताना बॅटरीतून जेवढं एका झटक्यात जातं, ते भरून यायला गाडी बऱ्यापैकी पळावी लागते. गोरेगाव ते मालाड हे पळणं नव्हे. त्यात आपली हवा. थंडीत बॅटरी मरते असं आपण ऐकतो, पण तिचं आयुष्य खरं खातो तो उन्हाळा. थंडी फक्त सूतकाची बातमी देते. आपल्याकडे ती द्यायलाही येत नाही.

त्याने दोन मिनिटांत गाडी सुरू करून दिली, पैसे घेतले आणि जाताना म्हणाला, "एक जंप स्टार्टर घेऊन ठेवा. बॅटरी बसली तरी गाडी सुरू करून देतो. छोटा येतो. पॉवर बँकेसारखा."

त्या एका वाक्याने माझे पुढचे तीन आठवडे खाल्ले.

जंप स्टार्टर निवडणं आणि मुलीला स्थळ बघणं यात फारसा फरक नाही. दोन्हीकडे पत्रिकेवरचे आकडे डोळे दिपवणारे असतात. प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरांत: १००० अँपिअर! २००० अँपिअर! एकावर ४००० होतं. माझ्या १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाला फिरायला शे-दीडशे अँपिअर पुरतात. ४००० मध्ये मी काय, सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू करणार?

उलगडा लॅमिंग्टन रोडवर झाला. एका अरुंद दुकानात, तीन माणसांच्या मागून मान काढून मी विचारलं, "दोन हजारवाला चांगला की हजारवाला?" दुकानदाराने नाकावरचा चष्मा खाली केला.

"हा पीक अँपिअर आहे. डोळ्याचं पातं लवेपर्यंत देतो. क्रँकिंग किती ते बघा, इंजिन फिरेपर्यंत टिकतो तो. मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पीक म्हणजे सीटीसी, कंपनीने कागदावर फुगवून सांगितलेला पगार, आणि क्रँकिंग म्हणजे हातात पडणारा पगार! खोकी उलटी करून पाहत गेलो. बऱ्याच ठिकाणी मागे ती बारीक अक्षरंसुद्धा नव्हती. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

दुसरी फसवणूक मिलिअँपिअर-अवरची. '२०,०००' लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशोबाने. गुणाकार केला की ७४ वॉट-अवर होतात, आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या भाषेत त्याचे सहा हजारच उरतात. हे गणित मी लोकलमध्ये पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर केलं. शेजारचा प्रवासी म्हणाला, "कर्जाचा हप्ता काढताय का?"

मग एक बिनबॅटरीचा जातिवंत प्रकार भेटला. त्यात सुपरकपॅसिटर असतो. चार्ज करून ठेवायची भानगड नाही, उन्हाची भीती नाही. गाडीच्या मरणासन्न बॅटरीला लावायचा, तो तिच्यातलं उरलंसुरलं काही मिनिटं थेंब थेंब गोळा करतो आणि मग एका दणक्यात परत देतो. मी भारावलो. बायको म्हणाली, "म्हणजे आपल्याच खिशातून काढून आपल्यालाच उसने देणार?" शिवाय बॅटरीत थेंबही नसेल तर? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आमच्या गाडीच्या आडाची कीर्ती पाहता तो बेत रहित झाला.

उपवस्तूंचा मोह वेगळाच. विजेरी ठीक आहे. विजेरीला एसओएस मोड. मुलुंड चेकनाक्यावर मी एसओएस लुकलुकवला तर मदतीला कोण येईल, भुट्टेवाला? एकाच्या मुठीवर चक्क होकायंत्र बसवलेलं. सायनच्या पुलाखाली गाडी बंद पडलेला माणूस उत्तर दिशा कळल्यावर नेमकं काय करतो?

शेवटी घेतला तो मधला. क्रँकिंगचा आकडा छापलेला, चिमट्यांच्या वायरीवर उलटं लावलं तर किंचाळणारी डबी असलेला, विटेच्या अर्ध्या आकाराचा. घरी आणला आणि खरा प्रश्न सुरू झाला: ठेवायचा कुठे?

आतली बॅटरी लिथियमची. तिला ऊन सोसत नाही, हे पत्रकात तीन ठिकाणी लिहिलेलं. बंद गाडीत मे महिन्यात पोळ्या भाजता येतील. म्हणजे घरात ठेवायचा. पण घरात ठेवला तर गाडी बंद पडणार जुहूला, आणि यंत्र गोरेगावात टीव्हीखाली. पुणेकर भाच्याला फोन केला. तो इंजिनीअर आहे. म्हणाला, "मामा, गाडी कुठे बंद पडणार ते आधी ठरवा, मग तिथे ठेवा." खरं तर आमची गाडी स्टिल्टखाली सावलीत उभी असते. मग डिकी ठरली: जुन्या टॉवेलात गुंडाळून, छत्रीशेजारी. सुरक्षित, सावलीत, कायम सोबत.

जूनच्या एका शनिवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. गाडीजवळ गेलो, किल्लीचं बटण दाबलं. टक्सुद्धा नाही. चिरंजीव आदल्या रविवारी आतला दिवा लावून गोष्टीचं पुस्तक वाचत बसले होते, तो दिवा सहा दिवस प्रामाणिकपणे तेवला होता.

मी मात्र शांत होतो. तीन आठवड्यांचा अभ्यास माझ्या पाठीशी होता. काका वरून बघत होतेच. मी हसून हात केला आणि डिकीकडे गेलो.

डिकी उघडेना.

डिकी विजेवर उघडते. वीज बॅटरीत नाही. बॅटरीला द्यायची वीज डिकीत आहे.

मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. बायको खाली आली, तिने रिमोट हातातून घेतला, कडेची खिट्टी दाबली आणि त्यातून एक चपटी लोखंडी किल्ली उपसली. चार वर्षं ती किल्ली माझ्या खिशात होती. पुढचं दार उघडलं. डिकीला किल्लीचं भोकच नव्हतं.

"मागची सीट पाड आणि आत शीर," ती म्हणाली.

माझं वय सेहेचाळीस, कंबर अडतीस. सीट पाडल्यावर जी फट झाली तिच्यातून मी कोपरांवर सरकलो. छत्री बरगडीत घुसली. स्पीकरच्या फळीने डोक्याचा ताबा घेतला. अंधारात टॉवेल लागला, तो ओढला तर तो गाडी पुसायचा निघाला. बाहेर काका पोचले होते. "पाय तेवढे दिसतायत हो," ते वॉचमनला सांगत होते. "श्वास घेतोय."

यंत्र घेऊन उलटा बाहेर आलो तेव्हा सोसायटीतली निम्मी मुलं जमली होती. बॉनेट उघडलं. लाल चिमटा धन टर्मिनलला, काळा इंजिनाच्या उघड्या धातूला, पाठ होतं. लावले. हिरवा दिवा लागायला हवा. लागला नाही.

"दमलं वाटतं," काका.

बायकोने पत्रक उघडलं. बॅटरी अगदी तळाला गेली असेल तर समोर बॅटरी आहे हेच यंत्राला कळत नाही. मग बूस्टचं बटण दाबायचं. "पण थांब," ती म्हणाली. "बूस्टमध्ये उलटसुलट तपासणी बंद असते. चिमटे चुकले तर तू आणि तुझं नशीब."

लाल धनला. मी पाहिलं. तिने पाहिलं. काकांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून पाहिलं. बटण दाबलं. गाडीला स्टार्ट मारला. इंजिन एकदा खाकरलं, दोनदा खाकरलं आणि लागलं! मुलांनी टाळ्या वाजवल्या. चिमटे लगेच काढायचे असतात, आधी काळा मग लाल, तेही तिनेच ओरडून सांगितलं.

त्या दिवसापासून माझी गाडी महिन्यातून चार वेळा निघते, माझं यंत्र आठ वेळा. सहाव्या मजल्यावरच्यांची बॅटरी, सेक्रेटरींची, दुधवाल्याच्या टेम्पोची. सकाळी सहाला बेल वाजते. "ते तुमचं जरा द्याल का?" नाव कोणीच घेत नाही, हळदीकुंकवाची कुयरी मागावी तसं मागतात. ते आता घरात टीव्हीखाली असतं. डिकीचं नाव काढलं की बायको माझ्या कमरेकडे बघते.

अडचण एकच: महिन्याकाठी त्याला चार्ज करून ठेवायचं, हे लक्षात राहत नाही. मोबाईलवर आठवण लावली, ती मी झोपेत पुसली. तोडगा आईने काढला. "संकष्टीला लाव. महिन्यातून एकदा येतेच, आणि मी विसरत नाही." तेव्हापासून संकष्टीच्या संध्याकाळी मोदकांचं सारण परतायला घेतलं की आई आधी आठवण करते, "अरे, ते गाडीचं लावलंस का?"

परवा श्रावणातली संकष्टी होती. चंद्रोदय कॅलेंडरात, आभाळात नुसता पाऊस. आई उपाशी, मुलगा खिडकीत, पानं मांडलेली. टीव्हीखाली यंत्राचे तीन दिवे स्थिर, चौथा लुकलुकत होता.

"दिसला का रे?" आईने आतून विचारलं.

मी वाकून बघितलं. "चौथा लागला!"

"लागला ना? मग घ्या पानं," आई म्हणाली, आणि तिने देवापुढे हात जोडले.