आठ-चारची फास्ट आणि एक खून

पॉला हॉकिन्सची 'द गर्ल ऑन द ट्रेन' आली २०१५ साली. आमच्या लेडीज डब्यात ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पोचली, म्हणजे मध्य रेल्वेच्या मानाने वेळेवरच. ठाण्याच्या टीचरने आणली, ग्रुपमध्ये फिरली, आणि सगळ्यांची वाचून झाल्यावर माझ्या हाती लागली. छळ सुरू झाला तो इथून.

रेचल ही घटस्फोटित, दारूच्या आहारी गेलेली बाई रोज सकाळी ८.०४च्या गाडीने लंडनला जाते. रुळांलगतच्या एका घरातलं जोडपं तिला खिडकीतून दिसतं. ओळख ना पाळख, तरी ती त्यांना मनातल्या मनात नावंसुद्धा देते. मग त्यातली बायको नाहीशी होते आणि त्या रात्रीचं रेचलला काही म्हणजे काही आठवत नाही. वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

बँकवालीच्या पोटात वेगळंच दुखत होतं. "हिला रोज खिडकी कशी मिळते गं?"

या एका मुद्द्यावर घाटकोपर आलं. कुणी म्हणे डाउन करून, म्हणजे जागेसाठी आधी उलट्या दिशेने जाऊन, येत असेल, कुणी म्हणे गाडी तिथूनच सुटत असेल. "आणि तिघींच्या बाकावर चौथ्या सीटसाठी कुणी सरका म्हणत नाही? काहीतरीच लिहितात." बँकवालीच्या लेखी पुस्तक तिथेच आपटलं. पुढे कळतं की रेचलची नोकरी कधीच गेली आहे. जिच्या घरात खोली घेऊन राहते तिला पत्ता लागू नये म्हणून ती रोज उगाच गाडी पकडते. हे ऐकून सगळा डबा गप्प झाला. खुनाला झाला नव्हता. नोकरी नसताना आठ-चार पकडणारी बाई आहे म्हटल्यावर मात्र दोघीतिघींनी कपाळाला हात लावला.

काकूंचा जीव अडकला होता जिन्यात. रेचल पिऊन येते, जिन्यात ओकते आणि तशीच जाऊन झोपते. "पोलीस काय, येतील नि जातील. पण ते पुसायचं कुणी?" काकूंची सगळी सहानुभूती त्या घरमालकिणीला. त्यांचे यजमान निवृत्त मोटरमन, त्यांनी तर पहिल्या काही पानांतच पुस्तक मिटलं. रेचलची गाडी जवळजवळ रोज एकाच लाल सिग्नलला थांबते, आणि सिग्नल बहुधा बिघडलाय असं तीच म्हणते. यजमानांचं म्हणणं, वेळीच कुणी लेखी तक्रारीचा मेमो दिला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. मला हे पटलं, खरं सांगायचं तर.

सगळ्यात भारी मंत्रालयवाली. या पुस्तकात तीन बायका आळीपाळीने गोष्ट सांगतात आणि नाहीशा झालेल्या मेगनचा भाग सुरू होतो वर्षभर आधीपासून. तारखा प्रकरणांच्या डोक्यावर छापल्या आहेत. पण आयुष्यभर फायलींवरच्या तारखा पाहणारी ही बाई इथे त्या सोडून वाचत गेली. "ती बाई दर थोड्या पानांनी परत येते की! मग शोधतायत कोणाला?" या भरात तिने पुस्तक पूर्ण केलं आणि तिला ते फार आवडलं. भुताची गोष्ट म्हणून.

मी अजून निम्म्यावर. एका हातात कडी, दुसऱ्या हातात पुस्तक, कानात घालायला बोट शिल्लक नाही. "मला शेवट सांगू नका हं" असं म्हटलं की सगळ्या प्रेमाने म्हणत, "छे छे, नाही सांगत. फक्त त्याच्यावर लक्ष ठेव." त्याच्यावर! म्हणजे निम्मे संशयित तिथेच निकालात.

परवा कुर्ला सुटलं आणि दाराशी उभी असलेली, आमच्या ग्रुपमधली नसलेली एक बाई वळून म्हणाली, "मी पाहिलाय तो सिनेमा, परिणीतीचा," आणि खुनी कोण ते सरळ सांगून टाकलं.

माझ्या हातातून पुस्तक पडायचंच बाकी होतं. पण टीचर कडाडली, "हिंदीवाल्यांनी खुनी बदललाय! पुस्तकात तसं नाहीच मुळी." २०२१च्या हिंदी सिनेमात खरंच शेवट निराळा आहे. मला हायसं वाटलं. चला, एक नाव तरी यादीतून गेलं.

"पुस्तकात तर..." टीचर आता पेटलीच होती.

दादर आलं. मला जायचं होतं सीएसएमटीला, पण मी उतरले.