‘शेड घेऊनही गाडीला बुरशी’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, हरकत नाही. पण ‘प्लॅस्टिकची शेड गळ्यात मारून फसवतात’ हे वाक्य दुकानाच्या नावाखाली तसंच राहू देता येत नाही, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितोय. मे महिना आला की गावी गाडी ठेवून जाणारे बरेच चाकरमानी आमच्याकडे हेच विचारत येतात. त्यांच्याही कामी येईल.

तुमची तक्रार थोडक्यात अशी: मे अखेरीस गाडी गावच्या खळ्यात (घरापुढच्या अंगणात) आमच्या शेडमध्ये, म्हणजे पाइपच्या सांगाड्यावर प्लॅस्टिकचं कापड ताणलेल्या तंबूत ठेवलीत आणि कोकण रेल्वेने मुंबईला गेलात. गणपतीला आलात तर आत बुरशी, हँडब्रेक जाम, बॅटरी डाऊन, उंदराने वायर कुरतडलेली, एका कोपऱ्यात कापड फाटलेलं, पुढच्या पडद्याची चेन अडकलेली. म्हणजे शेड गळकी, पैसे परत द्या.

शेड गळलेली नाही. आमचा मुलगा ऋषिपंचमीला, स्वतःच्या घरचा गणपती सोडून, तुमच्याकडे येऊन गेला. त्याने छताची शिवण न् शिवण तपासली, कुठे भोक नाही. गाडीवरचं कव्हर काढलं तर बॉनेटवर उन्हाळ्यातली तांबडी धूळ होती तशी, त्यावर मांजराच्या पावलांचे ठसेही शाबूत. वरून पाणी आलं असतं तर ओघळ दिसले असते. पण छताच्या आतल्या अंगाला हात लावला की हात ओला होत होता, आणि तोही सगळीकडे सारखाच.

ती ओल खालून आलेली. तुमचं खळं मातीचं. पावसात जमीन पाणी पिऊन तट्ट होते, ते पाणी वाफ होऊन वर चढतं आणि बाहेर जायला वाट नसली की कापडाला धरून बसतं. उभारणीच्या दिवशी आम्ही चारी बाजूंनी खाली वीतभर फट ठेवली होती आणि समोरासमोरच्या जाळीच्या खिडक्यांच्या झडपा गुंडाळून वर बांधल्या होत्या. पंचमीला पाहिलं तर झडपा खाली सोडलेल्या, चेन बंद, आणि सगळ्या कडेने चिरे रचून मातीने लिंपून घेतलेलं. आत गाडीवर आणखी प्लॅस्टिकचं कव्हर. तुम्हीच मुलाला म्हणालात, अमेरिकेतल्या व्हिडिओत हिवाळाभर गाडी अशीच बंद करून ठेवतात.

ते तिकडे ठीक आहे. तिथे कडाक्याच्या थंडीत हवेत पाण्याचा अंशच कमी, आणि खरी काळजी बर्फाची: छतावरचा बर्फ वेळच्या वेळी झाडला नाही तर वजनाने सांगाडा वाकतो. तरीसुद्धा तिकडच्या बऱ्याच शेडना वर हवेसाठी झरोके ठेवलेले असतात. आपल्याकडे देवगड पट्ट्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जुलैत हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास. अशा हवेत गाडी कोंडली की बुरशी येणारच, मग शेड कुणाचीही असो. फटीतून झड आत येते, चाकं भिजतात. भिजू देत, वाऱ्याने सुकतात. आपल्या आज्या-पणज्यांनी पडवीला झापं बांधली तीही झडीचा मारा अडवायला, वारा कोंडायला नव्हे.

बुरशी सगळ्यात दाट कुठे होती ते आठवा: स्टिअरिंग, गिअरची मूठ, सीटबेल्ट. जिथे हाताचा घाम आणि तेलकटपणा राहतो तिथे ती आधी धरते. गाडी ठेवण्यापूर्वी हे भाग पुसून कोरडे करायचे, रबरी मॅट काढून घरात न्यायच्या.

हँडब्रेक आणि बॅटरी हा तर शेडचा विषयच नाही. तुमच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत. हँडब्रेक ओढून दमट हवेत गाडी उभी ठेवली की लायनर ड्रमला गंजून चिकटतात. गाडी गिअरमध्ये टाकायची, चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, हँडब्रेक सोडून द्यायचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायची, नाहीतर गाडी बंद असतानाही घड्याळ आणि लॉक थोडी थोडी वीज खात राहतात. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरायची. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल ओढतं. टाकीत हवा जितकी कमी तितकं बरं.

उंदराला आमची शेड अडवत नाही, कधी तसं सांगितलेलंही नाही. पावसात त्यालाही कोरडी जागा हवी असते. पण डिकीत कुळथाची फाटलेली पिशवी निघाली, तिचा फोटो तुम्हाला पाठवलाय, इथे टाकत नाही.

आता कापड. फाटलंय ते माडाच्या बाजूच्या कोपऱ्यात. तिथे कुणीतरी जादा दोरी घेऊन शेड माडाला बांधलेली दिसते. वाऱ्यात माड हलतो, सांगाडा हलत नाही, मग मधलं कापड जातं. शेड जमिनीला धरायची: कातळ असेल तर भोक पाडून बोल्ट, माती असेल तर पायाला काँक्रीट. नुसत्या खुंट्या ओल्या मातीत सुटतात. माडाखाली तर शेड नकोच, वरून झावळ कधी येईल सांगता येत नाही. आणि निसर्ग किंवा तौक्तेसारखं वादळ येतंय असा इशारा आला तर कापड उतरवून गुंडाळून ठेवायचं. ही शेड पावसासाठी आहे, चक्रीवादळासाठी नाही. हे बिलाच्या मागे छापलंय, मराठीत.

चेनचं मात्र खाऱ्या हवेमुळे होतं. दाते प्लॅस्टिकचे असतात, पण त्यावरून सरकणारी कडी धातूची, ती गंजून अडकते. मेणबत्ती घासली तर बहुतेक वेळा सुटते. तुमची सुटली नाही, ती बदलून देऊ. फाटलेल्या कोपऱ्याला ठिगळही मारून देऊ. दोन्हीचे पैसे नाहीत. शेडचे पैसे मात्र परत मिळणार नाहीत, कारण शेडने तिचं काम केलंय.

सीट धुवायला देण्याआधी चारी दारं उघडी टाकून गाडी दोन-तीन उन्हं खाऊ दे, ओल्यावरच शाम्पू मारला तर वास पुन्हा येतो. यापुढेही खळं मातीचंच ठेवणार असाल तर गाडीखाली जाड प्लॅस्टिक अंथरा आणि त्यावर जुन्या फळ्या टाका. मिरगाच्या आधी दुकानात फोन करा, मुलगा येऊन फट आणि झडपा पुन्हा लावून देईल. तेवढे ते चिरे त्याआधी काढून ठेवा.