निम्मा आवाज खाणारी उघडी वायर

खानापूरच्या भाच्याने परवा व्हॉट्सॲपवर एक निरोप धाडला. त्याआधी तोच निरोप मला दोन ग्रुपवर येऊन गेला होता. खाली भाच्याचा प्रश्न होता, "मामा, पिना घेऊ काय? बेळगावात बघून ठेवता?" निरोपातला मजकूर थोडक्यात असा: उघडी वायर थेट स्पीकरला लावली तर निम्मा आवाज वाया जातो. सोनं हे विजेचं सर्वांत चांगलं वाहक, म्हणून सोन्याच्या मुलाम्याचीच बनाना पिन (वायरीच्या टोकाला बसवून सेटच्या भोकात खुपसायची पिन) लावा. पिन नसेल तर टोकांना सोल्डर मारून स्क्रू आवळा. दोन्ही वायरी समान लांबीच्या ठेवा, नाहीतर एका बाजूचा आवाज उशिरा पोचतो. प्लस-मायनसचं फार मनावर घेऊ नका.

निम्म्या आवाजाचं आधी बघू. स्पीकरला जेवढी ताकद मिळते तेवढीच जोडात जळायची, तर जोडाचा रोध स्पीकरएवढा, म्हणजे साधारण ८ ओहम हवा. स्वच्छ तांबं नीट आवळलं तर तो ओहमच्या शंभराव्या हिश्शापर्यंतसुद्धा जात नाही. त्यापेक्षा वायरच जास्त खाते. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५ मीटर टाकली तर जाऊन-येऊन १० मीटर होते, आणि तिचा रोध साधारण ०.०७ ओहम. आठातले सात शतांश! यात निम्मा आवाज कुठे बसतो ते निरोप लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

सोन्याचं म्हणाल तर चांदी पहिली, तांबं दुसरं, सोनं त्यांच्या मागे. सोन्याचा गुण वेगळाच आहे, ते गंजत नाही. आणि इथे मात्र मी निरोपवाल्याला थोडं झुकतं माप देईन. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे उघडं तांबं कितीसं टिकणार? भाच्याच्याच घरी मागच्या दिवाळीत डावा स्पीकर खरखरत होता. स्क्रू सैल केला तर टोक काळं पडलेलं, मुळाशी हिरवट पूड. इंचभर वायर कापून टाकली, आतलं लाल तांबं उघडं करून पुन्हा आवळलं, खरखर बंद. खर्च शून्य. पिन लावली असती तरी हे टळलंच असतं असं नाही. पिन सोन्याची, पण तिच्या पोटात स्क्रूखाली चिमटलेली तार तांब्याचीच की!

पिन वाईट असं मी म्हणत नाही. ॲम्प्लिफायर वरचेवर काढावा-लावावा लागत असेल तर ती सोयीची. शिवाय उघड्या वायरीचा एक सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला तर ॲम्प्लिफायर जळू शकतो, तो धोका पिनेने बराच कमी होतो. फक्त तुमच्या सेटला मागे स्प्रिंगच्या चिमट्या असतील तर ४ मिलिमीटरची बनाना पिन तिथे जाणारच नाही. हे पैसे देण्याआधी बघा. आणि घरात लहान मूल असेल तर पिना लोंबत्या ठेवू नका, भिंतीवरच्या बोर्डाच्या भोकात त्या जाऊ शकतात.

सोल्डरचा सल्ला मात्र सरळ चुकीचा. मी स्वतः तो मानून फसलोय. सोल्डर मऊ. स्क्रूच्या दाबाखाली ते महिनोन्‌महिने हळूहळू पसरतं आणि आज करकचून आवळलेला स्क्रू पुढे आपोआप सैल होतो. शिवाय सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होऊन हलवल्यावर तुटते. त्यापेक्षा बारा-एक मिलिमीटर सोलून, धागे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पीळ देऊन तसेच आवळा, नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून लग (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) पंच करून घ्या.

लांबीचं एका वाक्यात: ३ मीटर जादा वायरीने सिग्नलला जेवढा उशीर होतो, तेवढ्या वेळात हवेतला आवाज केसाच्या जाडीएवढाही पुढे सरकत नाही. तुम्ही सोफ्यावर जरा सरकून बसलात तर याहून कितीतरी जास्त फरक पडतो.

पैसे घालायचेच तर वायरीत घाला. तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास खपते, आणि तिचा रोध दीडपटीहून जास्त. दुकानातच एक धागा ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरा निघाला तर परत ठेवा. दुकानदार म्हणेल, "चालतंय की हो, सगळे हेच नेतात." नेऊ देत.

राहिलं प्लस-मायनस. एका स्पीकरची उलटी जोडणी झाली तर दोन पडदे एकमेकांविरुद्ध हलतात, ढोलकीचा घुमारा पातळ होतो आणि मधोमध उभा असावा तो गायक कुठे उभा आहे तेच कळत नाही. वायरीवरची खूण पुसली असेल तर ॲम्प्लिफायरकडची दोन्ही टोकं सोडवून त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. बहुतेक स्पीकरांत वूफरचा, म्हणजे खालचा सूर काढणाऱ्या मोठ्या भागाचा, पडदा पुढे आला, तर सेलच्या प्लसला लागलेलं टोक तेच प्लस. भाच्याने हे फोनवर ऐकत ऐकतच केलं. उजवा उलटा निघाला. पिना अजून घेतलेल्या नाहीत.