परदेशातून : बराकीतली थट्टा कोणाची?

मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा मी कॅनडातल्या ओटावाहून सोलापूरला सुट्टीवर आलो होतो. साखर पेठेतल्या घरी जेवणे चालू असताना कोणीतरी म्हणाले, "आता काडतुसांबरोबर पावडरचे डबेही पुरवावे लागणार," आणि सगळे हसले. उंबऱ्याशी बसून एनसीसीच्या कॅम्पसाठी बूट पॉलिश करणारी माझी भाची हसली नाही. तिचा ब्रश तेवढा जोरात फिरू लागला.

सुभेदार म्हणून निवृत्त झालेले मामाही हसले नाहीत. त्यांना विनोदाचे वावडे नाही. बर्फातल्या चौकीवर एकमेकांच्या करपलेल्या पोळ्यांची आणि घोरण्याची थट्टा करतच महिने काढले, असे तेच सांगतात. भीतीवर आणि कंटाळ्यावर सैनिकाजवळ दुसरे औषध नसते, हे मला मनापासून पटते. परंतु करपलेल्या पोळीला हसताना ती करणाराही हसत असतो, कारण उद्या दुसऱ्याची पाळी असते. मुलगी असण्यावरून केलेल्या थट्टेत मात्र पाळी कधीच बदलत नाही.

कॅनडात १९८९ मध्ये मानवाधिकार न्यायाधिकरणाच्या आदेशाने, पाणबुड्या वगळता, लढाऊ पदे स्त्रियांना खुली झाली. तरीही माजी न्यायमूर्ती मारी देशां यांच्या २०१५ च्या अहवालात स्त्रियांच्या शरीरावरून होणारे अश्लील विनोद सैन्यात सर्रास चालत असल्याचे, आणि हुद्दा वाढत जाई तसतसे ते वरिष्ठांच्या अंगवळणी पडत असल्याचे नोंदले गेले. जेनी कारीन्यां सैन्यदलांच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या, तेव्हा २०२४ साल उजाडले होते.

आपल्याकडे स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनच्या, म्हणजे निवृत्तीपर्यंत सैन्यात राहण्याच्या हक्काच्या खटल्यात, खेड्यांतून आलेले जवान स्त्रीचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, असा युक्तिवाद केंद्र सरकारने केला होता आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. अक्कलकोटकडच्या खेड्यातून भरती झालेल्या मामांना ते बोलणे अजून लागते. "हुकूम बरोबर हाय का, एवढंच बघायचं असतंय," असे ते म्हणतात, आणि दोष जवानाच्या माथी मारणे मलाही अन्यायाचे वाटते. प्रश्न प्रशिक्षण देणाऱ्या उस्तादांचा, सुभेदारांचा आणि अधिकाऱ्यांचा आहे, कारण अशी थट्टा जागच्या जागी थांबवण्याचा अधिकार त्यांच्याच हाती असतो.

त्या संध्याकाळी मामा हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत, आणि मीही गप्प राहिलो. भाचीने बूट उचलले आणि ती आत निघून गेली.