लेसर झालं म्हणजे इन्फेक्शन होत नाही, हे खरं नाही

"लेसरने नंबर काढताना टाका नाही, रक्त नाही. लेसरच जंतू मारतो, त्यामुळे इन्फेक्शनचा प्रश्नच नाही. नंतर डोळा लाल झाला, खुपला तर दिलेले थेंब टाकत राहा. आठवडा गेला की धोका संपला." हा मेसेज खूप फिरतोय. घाबरलेल्याला धीर द्यायचा हेतू चांगला आहे, पण यावर विसंबून कुणी डॉक्टरांकडे जायला चार दिवस उशीर केला, तर डोळ्यात कायमचं फूल पडू शकतं. म्हणून हे लिहितो आहे.

लेसर जंतू मारतो, हे आधी घेऊ. एक्सायमर लेसरचा 193 नॅनोमीटरचा अतिनील किरण कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, अगदी पातळ थर काढून त्याचा आकार बदलतो. त्याचं काम तेवढंच. जंतू असतात पापण्यांच्या कडांवर, केसांच्या मुळाशी, आणि तिथे तो पोचतही नाही. म्हणूनच आधी पोव्हिडोन आयोडीनने पापण्या स्वच्छ करतात आणि निर्जंतुक हत्यारं वापरतात.

टाका नसतो, हे बरोबर. जखम मात्र असते. लॅसिक या पद्धतीत कॉर्नियाचा पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, उचलून खाली लेसर देतात आणि तो परत बसवतात. त्याच्याखाली जंतू अडकला, तर अश्रू त्याला धुऊन काढू शकत नाहीत आणि वरून टाकलेलं औषधही तिथवर नीट पोचत नाही. पीआरके या दुसऱ्या पद्धतीत फ्लॅप नसतो, पण वरची त्वचा काढलेली असते. ती भरून येईपर्यंत 3 ते 5 दिवस बँडेज लेन्स, म्हणजे जखम झाकणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स, ठेवतात, त्यामुळे तिथे धोका लॅसिकपेक्षा थोडा जास्तच. स्माईल या तिसऱ्या पद्धतीत चीर लहान असते, इतकंच.

लेसरनंतर इन्फेक्शनचं प्रमाण कमी आहे, हेही सांगायला हवं. साधारण हजार डोळ्यांत एखादा, अनेक ठिकाणी त्याहूनही कमी. रात्री कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपणाऱ्यांमध्ये जंतूंमुळे होणाऱ्या कॉर्नियाच्या जखमेचं प्रमाण वर्षाला 10,000 जणांत सुमारे 20 आढळलं आहे. तेव्हा ऑपरेशनच टाळा, असं माझं म्हणणं नाही.

त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य शेवटचं आहे, "आठवडा गेला की धोका संपला". पहिल्या दोन आठवड्यांत दिसणारं इन्फेक्शन बहुधा स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस अशा नेहमीच्या जंतूंचं असतं. त्यानंतर, कधी दोन-तीन महिन्यांनीही, बुरशी किंवा माती-पाण्यात आढळणारे क्षयरोगाच्या जंतूंचे भाईबंद डोकं वर काढतात. नेहमीच्या अँटिबायोटिक थेंबांना ते अनेकदा दाद देत नाहीत. त्यात फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे दुखणं अपेक्षेपेक्षा कमीही वाटू शकतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं धरून चालत नाही.

आणि "दिलेले थेंब टाकत राहा"? त्या थेंबांत बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. फ्लॅपखाली जंतूंशिवायही सूज येते, तिला स्टिरॉइडच लागतं. पण इन्फेक्शन असेल तर तेच स्टिरॉइड लाली दाबून टाकतं आणि आत जंतू वाढत राहतात. दोन्हींतला फरक आरशात कळत नाही, स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. शंका आली तर फ्लॅप उचलून खालचा नमुना घेतात, जागा औषधाने धुतात आणि नमुन्यात काय सापडतं त्यावरून थेंब ठरवतात. हे जितकं लवकर होईल तितकी नजर वाचते.

लॅसिकनंतर पहिले काही तास चुरचुरणं, पाणी येणं स्वाभाविक आहे, पीआरकेत दोन-तीन दिवस दुखतंही. पण बरा होत आलेला डोळा पुन्हा दुखू लागला, उजेड सहन होईना, नजर धूसर झाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर "डोळे आले असतील" म्हणून दुकानातून थेंब आणू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. वापरात असलेल्या सगळ्या बाटल्या सोबत न्या आणि लेसर कधी झालं ते आधी सांगा, मग त्याला दोन महिने उलटले असले तरी.