रेझ्युमेत स्वतः सापडू नका

खरं बोलणाऱ्याला नोकरी मिळत नाही असं कोण म्हणतं? मिळते की. फक्त ती मामाच्या ओळखीनं मिळते आणि तिथे रेझ्युमे कुणी मागत नाही. तुम्हाला मामा नसेल, किंवा असून उपयोगाचा नसेल, तर पुढचं नीट वाचा.

सुरुवात फोटोपासून करा. रेझ्युमेला फोटो कुणी मागितलेला नसतो, तरी लावायचा. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत खुंटीला एक काळा कोट टांगलेला असतो. टायची गाठ आधीच मारलेली, मागे इलॅस्टिक. डीएडवाले, बँकेच्या परीक्षेवाले, लग्नाळू, सगळे आळीपाळीनं त्याच कोटात शिरून बाहेर आलेले असतात. बाह्या बोटांपर्यंत आल्या तरी काळजी नको, फोटो छातीवर संपतो. खाली बर्म्युडा होती हे तुमच्यात आणि फोटोग्राफरमध्ये. पुढचं पानभर हेच धोरण ठेवायचं.

फोटोखाली ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’. नामांकित संस्थेत आव्हानात्मक पदावर काम करून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावण्याची तुमची इच्छा आहे. आहेच. तुमच्या सिनियरचीही होती, त्याच्या सिनियरचीही होती. हे वाक्य मुळात कुणी लिहिलं ते आता सापडायचं नाही, पण फाईल मात्र पेनड्राइव्हच्या जमान्यापासून फिरते आहे. ती घेताना वडिलांचं नाव तेवढं आठवणीनं बदला. छंदांना हात लावायची गरज नाही. वाचन, प्रवास आणि संगीत ऐकणे हे महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या पदवीधरांचे छंद आहेत. फक्त मुलाखतीच्या आदल्या रात्री एखाद्या पुस्तकाचं नाव पाठ करून जा.

कौशल्यांच्या रकान्यात हात आखडता घेऊ नका. एमएस-सीआयटी झालंय, म्हणजे एक्सेल ‘अ‍ॅडव्हान्स्ड’. जर्मनमध्ये दहापर्यंत आकडे येतात, म्हणजे ‘परकीय भाषा: जर्मन’. मंडळाची वर्गणी गोळा केलीत, ते ‘फंड रेझिंग’. ती कुठे गेली हे कुणी विचारलं नाही, ते ‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’. मराठीपुढे लिहिता-वाचता-बोलता येते असं लिहा. या एका ओळीवर मात्र कंपनी कधीच शंका घेणार नाही, कारण तिला त्याचं काही पडलेलं नसतं. क्रियापदं सुचत नसतील तर चॅटजीपीटी आहेच. तो तुम्ही केलेलं काहीही ‘स्पिअरहेड’ करून देतो. पलीकडे ते पान चाळणारंही आता सॉफ्टवेअरच असतं. तेव्हा दोन यंत्रं आपापसांत तुमची तारीफ करत असताना तुम्ही मधे न आलेलंच बरं.

आता अवघड भाग. गॅप.

कॉलेजात प्रवेश घेताना गॅपला प्रतिज्ञापत्र लागतं. रेझ्युमेतल्या गॅपला कल्पनाशक्ती लागते. समजा तुम्ही पुण्यात चार वर्षं एमपीएससी केलीत. पहाटे अंघोळ न करता शास्त्री रोडच्या अभ्यासिकेत जाऊन खुर्चीवर रुमाल टाकलात. सदाशिव पेठेतल्या एका खोलीत पाच जणांचा भाडं-लाईटबिल-मेस असा हिशेब ठेवलात आणि महिनाअखेरीला एकाशीही वितुष्ट येऊ दिलं नाहीत. परीक्षा पुढे ढकलली की घरी फोन करून ‘यंदा नक्की’ हे वाक्य दर वेळी नव्या सुरात म्हणालात. राज्यघटनेची कलमं झोपेतही सांगता येतील एवढी पाठ केलीत. मुख्य परीक्षेत दोन मार्कांनी राहिलात आणि दुसऱ्या दिवशी परत रुमाल टाकायला गेलात.

यातलं काहीही लिहू नका. चिकाटी, हिशेब, माणसं सांभाळणं हे गुण कंपनीला हवेतच, पण ते कोट-टायमधे मिळवलेले हवेत. चार वर्षांच्या जागी लिहा: ‘फॅमिली बिझनेस, ऑपरेशन्स मॅनेजर’. वडिलांची अडीच एकर सोयाबीन आहे, पेरणीला सुट्टीत गेला होतात, त्यामुळे हे सपशेल खोटंही नाही. वडिलांना मात्र सांगू नका की त्यांच्याकडे मॅनेजर होता. गेल्या चार वर्षांत पाठवलेले पैसे पगार समजून परत मागतील.

याबद्दल मनाला टोचणी लागली तर लिओनार्दो दा विंचीकडे बघा. १४८२ च्या सुमारास त्यानं मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झाकडे नोकरीसाठी अर्ज धाडला, तेव्हा त्याचं वय तिशीचं होतं. मुद्द्यामागून मुद्दे: हलके पूल बांधतो, खंदकातलं पाणी काढतो, तोफा करतो, शत्रूत घुसणारे झाकलेले रथ करतो. लढाईचा दाखवण्यासारखा अनुभव शून्य. आणि अगदी शेवटी, जाता जाता, की चित्रंही काढतो, कुणाच्याही बरोबरीची. पुढे याच मालकासाठी त्यानं ‘द लास्ट सपर’ रंगवलं. म्हणजे येत होतं ते शेवटच्या ओळीत. प्रथा जुनी आहे, आपण फक्त ती फॉन्ट बदलून चालवतोय.

काहींचं एवढ्यानं भागत नाही. त्यांच्यासाठी बाजारात ‘एक्स्पिरियन्स लावून’ देणाऱ्या कन्सल्टन्सी आहेत. तीन वर्षांचा अनुभव, पे-स्लिपा, रिलिव्हिंग लेटर, सगळं एका पाकिटात. तुम्ही ज्या कंपनीत तीन वर्षं घालवलीत तिचं ऑफिस कुठे आहे, हे मुलाखतीआधी गूगल मॅपवर एकदा बघून ठेवा. कॅन्टीन कितव्या मजल्यावर होतं असं विचारणारे खवट लोक असतात. बीजीव्हीवाले, म्हणजे तुमची पार्श्वभूमी तपासणारे, तर त्याहून खवट. २०१४ पासून पीएफला यूएएन हा नोकरी बदलली तरी न बदलणारा नंबर आला आणि एका नंबरवर तुमचे सगळे मालक महिन्यागणिक ओळीनं उभे राहिले. पासबुकात जो मालक नाही, त्याच्याकडे तुम्ही तीन वर्षं बहुधा समाजसेवा करत होतात. खोटा कागद खरा म्हणून वापरण्याचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत ४७१ होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३४० झालंय. रेझ्युमे अपडेट करताना एवढंही अपडेट असू द्या.

पकडले गेलात तरी एकटे नसाल. २०१२ मध्ये याहूचे सीईओ स्कॉट थॉम्पसन चार-पाच महिन्यांत खुर्चीवरून उठले. त्यांच्या माहितीपत्रकात अकाउंटिंगच्या खऱ्या पदवीला कॉम्प्युटर सायन्सही चिकटलं होतं, ते एका गुंतवणूकदारानं उकरून काढलं. एवढ्या मोठ्या माणसालाही आपली पदवी अपुरी वाटावी, यात आपल्या बीकॉमवाल्यांनी दिलासा मानावा.

आणि समोरच्याचा, म्हणजे कंपनीचा, रेझ्युमे वाचलाय का कधी? जाहिरातीत ‘फ्रेशर हवा’ आणि खाली ‘दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’. स्वतःच्या माणसानं नव्वद दिवसांची नोटीस दिल्याशिवाय त्याला सोडणार नाहीत, येणारा मात्र ‘इमिजिएट जॉइनर’ हवा. ‘आम्ही इथे एका कुटुंबासारखे राहतो’ असंही लिहितात, आणि ते खरंच असतं. कुटुंबातही पगाराचा विषय काढला की सगळे रुसतात. मग येतं पॅकेज. त्या सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणाऱ्या एकूण खर्चात, पीएफचा मालकाचा वाटा असतो, विम्याचा हप्ता असतो, ‘कामगिरीनुसार’ मिळणारी रक्कम असते आणि ग्रॅच्युइटीही असते, जी कायम नोकरीत पाच वर्षं टिकलात तरच हातात पडते. हातात येणारा आकडा विचारलात की एचआरच्या ताई गोड हसतात. तुम्ही जुनं पॅकेज फुगवून सांगितलेलं, त्यांनी नवं फुगवून सांगितलेलं. कोटाला कोट भेटला, बर्म्युडाचा विषय कुणी काढायचा नाही.

राहता राहिले रेफरन्स. जुना बॉस तुमच्याबद्दल काय बोलेल याची खात्री नसते, तेव्हा रूममेटला ‘सीनियर प्रोजेक्ट लीड’ करा. तुम्ही वेळेवर यायचात, टीमचा कणा होतात, सोडून गेलात तेव्हा कंपनी हळहळली, असं त्याला पढवून ठेवा. कोणता प्रोजेक्ट, किती माणसं, कागदावर लिहून द्या. फोन साधारण सकाळी अकरानंतर येतो. ती रूममेटची झोपेतून उठण्याची वेळ आहे ना, एवढं बघा. नाहीतर व्हेरिफिकेशनवाली बाई अदबीनं तुमचं नाव घेऊन विचारेल, हे आपल्याकडे काम करत होते का, आणि पलीकडून जांभई देत उत्तर जाईल, ‘हो मॅडम, पण तो आत्ताच झोपलाय. उठवू का?’