चाकं उघडली नाहीत म्हणजे खेळ खलास?

११ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेलं विमान दोन-अडीच तास घिरट्या घालत राहिलं. तेव्हापासून एक मेसेज फिरतोय. कुठलंही विमान माघारी वळलं की तो पुन्हा उगवतो. त्याचं म्हणणं असं: चाकं अडकली की विमान फुटणारच, पायलट गांगरून गोल गोल फिरतात, तेवढ्यात टाकीतलं इंधन हवेत सोडतात, आणि धावपट्टीवर फेस पसरला तरच माणसं वाचतात.

त्या दिवशी बिघाड हायड्रॉलिक यंत्रणेत, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं वगैरे हलवणाऱ्या यंत्रणेत होता. १४१ जण सुखरूप उतरले, तेही चाकांवरच.

इंधन सोडण्याचं तर सोडूनच द्या. ते बोइंग ७३७-८०० होतं, आणि या विमानात हवेत इंधन सोडायची सोयच नाही. एअरबस ए३२० मध्येही नाही. ती बोइंग ७७७ सारख्या मोठ्या विमानांत असते. ७३७-८०० उडताना ७९ टनांपर्यंत चालतं, उतरताना मात्र साधारण ६६. मधलं वजन जाळूनच कमी करायचं. घिरट्या त्यासाठी.

आणि त्या वेळात कॉकपिटमध्ये चेकलिस्ट चालू असते. ए३२० मध्ये दोन वैमानिकांच्या मधोमध, मागच्या बाजूला एक घडीचं हँडल असतं. ते बाहेर काढून तीन फेरे फिरवले की दारं उघडतात, कुलपं सुटतात आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली येतात. ७३७ मध्ये सहवैमानिकाच्या खुर्चीमागे जमिनीत झाकण असतं, त्याखाली तीन दांडे. एकेक ओढायचा. विहिरीच्या रहाटाइतकं साधं काम.

तरीही नाहीच आली तर? १ नोव्हेंबर २०११, पोलंडमधलं वॉर्सा. अमेरिकेतल्या नेवार्कहून आलेलं पोलंडच्या लॉट कंपनीचं बोइंग ७६७, आत २३१ माणसं. हायड्रॉलिक तेल गळून गेलेलं. पर्यायी व्यवस्था विजेवरची, तीही चालेना. कॅप्टन तादेउश व्रोना यांनी विमान पोटावर उतरवलं. ठिणग्या उडाल्या, पण कुणाला ओरखडाही नाही. नंतर विमान उचललं, सहवैमानिकाच्या बाजूचा, जमिनीलगतचा एक उडालेला ब्रेकर (विजेचा सुरक्षा-खटका) दाबला आणि चाकं बाहेर आली!

वॉर्साला फेस टाकला होता, हे खरं. मे २०२१ मध्ये नागपूरहून उडताना चाक गळून पडलेली छोटी एअर ॲम्ब्युलन्स मुंबईत पोटावर उतरली, तेव्हाही टाकला होता. पण ती अट नव्हे. अमेरिकेच्या विमान नियामकाने फेस पसरण्याची शिफारस १९८७ मध्येच मागे घेतली, कारण विमान नेमकं कुठे टेकेल ते सांगता येत नाही आणि आग लागलीच तर बंबांकडचा फेस आधीच संपलेला असतो. २००५ मध्ये जेटब्लूचं ए३२० पुढचं चाक आडवं वळलेल्या अवस्थेत लॉस एंजेलिसला उतरलं, ते कोरड्या धावपट्टीवर. प्रवाशांनी आपल्याच विमानाच्या बातम्या सीटसमोरच्या टीव्हीवर पाहिल्या. सगळे १४६ जण सुखरूप.

घिरट्यांची भीती अगदीच खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक डीसी-८ विमान चाकांच्या शंकेपायी तासभर फिरत राहिलं. इंधन कमी होतंय हे फ्लाइट इंजिनिअरने सांगितलंही होतं, पण कॅप्टनचं चित्त चाकांत अडकलेलं. इंजिनं बंद पडली, १० जण गेले. चाकं तेव्हा खालीच होती.